'शॉर्ट' म्हणजे नेमकं किती शॉर्ट?

आडवाट (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

इंग्रजीतला 'शॉर्ट' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. पैसे शॉर्ट पडतात, वायर शॉर्ट होते, सगळं ऐकायला वेळ नसला की आपण 'शॉर्टमध्ये सांग' म्हणतो. कोणी शॉर्ट टेम्पर्ड असतो, कोणी शॉर्ट लेगला उभा असतो. शब्दकोशात मात्र पहिला अर्थ 'आखूड', मग 'ठेंगणा', मग 'अल्पकालीन'. म्हणजे सगळी मापंच. आता पैसे आखूड पडतात का? वायर आखूड होते का? 'शॉर्टमध्ये सांग' सोडलं तर वरच्या एकाही वाक्यात ही मापं सरळ बसत नाहीत.

बरेच दिवस हा शब्द मी वाचता-ऐकताना टिपून ठेवतोय, आणि माझं मत असं झालंय की 'शॉर्ट' लांबी सांगतच नाही, तो अंतर सांगतो. कुठेतरी एक रेघ असते, वस्तू तिथवर पोचायला हवी असते आणि अलीकडेच थांबते. क्रिकेटमधली शॉर्ट रन घ्या. फलंदाज पिचभर धावलेला असतो, पण वळताना बॅट क्रीजच्या रेघेपलीकडे टेकलेली नसते. पंच एक हात कोपरात वाकवून बोटांची टोकं त्याच बाजूच्या खांद्याला लावतो आणि ती धाव कापली जाते. वीतभर कमी पडलं काय किंवा हातभर, धाव शॉर्टच.

'फॉल शॉर्ट', 'रन शॉर्ट', 'स्टॉप शॉर्ट', 'शॉर्टफॉल', 'शॉर्टकमिंग', 'शॉर्टेज' ही सगळी मंडळी याच घरातली. 'स्मॉल'ला असं घर नाही. स्मॉल वस्तू बिचारी लहान असते आणि तिथेच विषय संपतो. शॉर्ट म्हटलं की 'कशाला शॉर्ट?' हा प्रश्न लगेच येतो.

तुमच्या कामात, अभ्यासात हा शब्द कुठे कुठे भेटतो? माझी रेघेची कल्पना तिथे टिकते का? टिकत नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

खडूफळा:

छान विषय काढलात. इंग्रजी शिकवताना या शब्दापाशी मुलं हमखास अडखळतात, म्हणून त्यावर थोडं लिहिते.

'शॉर्ट'ला 'ली' लावलं की क्रियाविशेषण होईल असं मुलांना वाटतं. पण 'शॉर्टली' म्हणजे 'लवकरच'. 'ही स्टॉप्ड शॉर्ट' म्हणजे तो चालता चालता थबकला. 'ही स्टॉप्ड शॉर्टली आफ्टर' म्हणजे त्यानंतर थोड्याच वेळात थांबला. पहिल्या वाक्यात 'शॉर्ट' स्वतःच क्रियाविशेषण आहे, त्याला 'ली'ची गरज नाही. 'कट शॉर्ट'मध्येही तेच. भाषण 'कट शॉर्ट' केलं म्हणजे आटोपतं घेतलं, माणसाला 'कट शॉर्ट' केलं म्हणजे त्याचं बोलणं मध्येच तोडलं. ही दोन्ही वाक्यं मुलांकडून एकापाठोपाठ करून घेतली की फरक डोक्यात बसतो.

दुसरी अडचण 'शॉर्ट फॉर'ची. 'फ्रिज' हे 'रेफ्रिजरेटर'चं शॉर्ट, इथे 'फॉर' लागतं. 'शॉर्ट ऑफ' म्हटलं की अर्थ पार बदलतो, काहीतरी कमी पडतंय असा होतो. हे एवढंसं शब्दयोगी अव्यय चुकलं की वाक्य उलटं पडतं.

तारायंत्र:

मी विजेच्या कामातला. शॉर्ट सर्किटला तुमची रेघ लागू होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आधी शॉर्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण दिवा गेला, शॉक बसला, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी लोक 'शॉर्ट झालं' म्हणतात.

वीज एका तारेने येते, उपकरणातून जाते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. उपकरण तिला अडवतं, तो रोध. २३० व्होल्टवर १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध साधारण ५२९ ओहम असतो, म्हणून प्रवाह अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी. आता बल्बाच्या अलीकडेच दोन्ही तारांचं वेष्टण झिजून त्या एकमेकींना चिकटल्या, तर वाटेत उरतो तो फक्त तांब्याचा रोध. तो ०.१ ओहम धरला तर ओहमच्या नियमाने प्रवाह येतो २,३०० अँपिअर. प्रत्यक्षात मागच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या रोधामुळे तो कमी भरतो, तरी तार वितळवायला पुरेसा असतो. म्हणून फ्यूजची तार आधी वितळते किंवा एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, आणि भिंतीतली वायर वाचते.

लक्षात घ्या, नवी वाट फुटपट्टीने आखूडच असेल असं नाही. चिकटलेली तार वेटोळी घालून मूळ वाटेपेक्षा लांब असली तरी शॉर्टच. इथे रोध कमी म्हणजे वाट शॉर्ट. आणि शॉर्टचं उलट लाँग होत नाही, 'ओपन' होतं. तार तुटली की ओपन सर्किट. पुष्कळदा लोक ज्याला शॉर्ट म्हणतात ते ओपनच असतं.

आडवाट:

तारायंत्र, इतकं सोपं करून सांगितलंत, आभार. मला मात्र इथेही रेघ दिसते. विजेला बल्बापर्यंत जायचं होतं, ती अलीकडूनच माघारी फिरली. फॉल शॉर्टच झालं की.

तारायंत्र:

हे ओढूनताणून झालं. विजेला कुठे जायचं नसतं. वाट जितकी सोपी तितका प्रवाह जास्त, एवढाच तिचा हिशेब. इथे 'शॉर्ट'चा अर्थ शॉर्टकटमधला आहे, म्हणजे मधलं काहीतरी गाळून जाणं. ती वेगळी शाखा माना.

शॉर्टवेव्हबद्दलही लिहितो, रेडिओ हा माझा जुना छंद. शॉर्टवेव्ह म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ, लहरीची लांबी १०० मीटरपासून १० मीटरपर्यंत. दहा मीटरच्या लहरीला आखूड कोण म्हणेल? एफएमची लहर साधारण ३ मीटर असते आणि वाय-फायची जुनी लहर साडेबारा सेंटीमीटर. पण नाव पडलं तेव्हा रेडिओचं काम शेकडो, हजारो मीटरच्या लहरींवर चालायचं. २०० मीटरच्या खालचा पट्टा व्यापारी कामाला निरुपयोगी समजून हौशी लोकांना देऊन टाकला होता. त्याच हौशी लोकांनी १९२३च्या नोव्हेंबरात सुमारे ११० मीटरवर अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संवाद साधून दाखवला. या लहरी वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून, परत फिरतात, म्हणून इतक्या लांब पोचतात. ज्यांना शॉर्ट म्हणून टाकून दिलं, त्याच सगळ्यात दूर गेल्या. हा इतिहास वाचताना मला आजही भारावून जायला होतं.

वजनकाटा:

शेअर बाजारातला 'शॉर्ट' अजून आला नाही, म्हणून लिहितो.

'मी शॉर्ट आहे' असं बाजारातला माणूस म्हणतो तेव्हा त्याने स्वतःजवळ नसलेला शेअर विकलेला असतो. शेअर उसना घ्यायचा, आजच्या भावाला विकायचा, भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचा आणि मधला फरक खिशात टाकायचा. त्याच्या खात्यात तेवढे शेअर 'कमी' असतात, ते भरून द्यायचे असतात. म्हणजे आडवाट यांची रेघ इथे चपखल बसते. विकल्यामुळे खातं शून्याच्या खाली गेलं, परत शून्यावर आणायचं. त्या व्यवहाराला 'कव्हर करणे' म्हणतात. याचं उलट मात्र ओपन नाही, 'लाँग'. ज्याच्या हातात शेअर आहे तो लाँग.

एक गोष्ट नवख्यांनी नीट समजून घ्यावी. १००ला घेतलेला शेअर शून्यावर गेला तर तोटा १००चाच. १००ला शॉर्ट केलेला शेअर २००, ५००, १००० कुठेही जाऊ शकतो आणि तोट्याला वरून झाकण नसतं. भाव चढायला लागला की शॉर्टवाले घाबरून कव्हर करायला धावतात, त्यांच्याच खरेदीने भाव आणखी चढतो आणि उरलेल्यांना धाप लागते. हाच शॉर्ट स्क्वीझ. जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉप या अमेरिकी कंपनीच्या शेअरचं हेच झालं. महिन्याच्या सुरुवातीला २० डॉलरच्या आत असलेला भाव अखेरीस काही वेळ ४८०च्या वर गेला होता.

ही युक्ती जुनी आहे. १६०९ मध्ये इसाक ले मेर या व्यापाऱ्याच्या टोळीने ॲमस्टरडॅममध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर जवळ नसताना विकले आणि पुढच्याच वर्षी अशा विक्रीवर तिथे बंदी आली. बंदी घालायची की नाही हा वाद प्रत्येक मोठ्या पडझडीनंतर आजही नव्याने होतो. माझ्या मते शॉर्ट करणारे बाजाराला उपयोगी असतात, फुगलेल्या भावाला कोणीतरी टाचणी लावायला हवी. पण त्यात उतरण्याआधी झाकण नसलेला तोटा डोळ्यांसमोर ठेवा.

जाता जाता दोन मापं. शॉर्ट टन म्हणजे २,००० पौंड, सुमारे ९०७ किलो. लाँग टन २,२४० पौंड, सुमारे १,०१६ किलो. आणि आकड्यांची 'शॉर्ट स्केल'. तिच्यात बिलियन म्हणजे १०० कोटी, लाँग स्केलमध्ये बिलियन म्हणजे लाख कोटी. ब्रिटनने १९७४ मध्ये सरकारी कामात शॉर्ट स्केल स्वीकारली. त्यामुळे जुन्या ब्रिटिश पुस्तकातला बिलियन वाचताना पुस्तक कधीचं आहे ते पाहिल्याशिवाय भाषांतर करू नये.

पोळपाट:

मंडळी, तुमची रेघ मी मोडते. शॉर्टब्रेड, म्हणजे ते लोण्याचं खुसखुशीत बिस्किट! ते पावासारखं उंच नसतं म्हणून शॉर्ट, असा समज सरसकट दिसतो. तसं नाही. स्वयंपाकात 'शॉर्ट' म्हणजे खुसखुशीत, हातात घेतल्यावर भुरभुरणारं. म्हणूनच पिठात घालायच्या घट्ट चरबीला 'शॉर्टनिंग' म्हणतात. आपल्याकडे त्याच कामाला 'मोहन' हा सुंदर शब्द आहे.

कारण असं. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लुटेन या प्रथिनाचे लांब, ताणले जाणारे धागे तयार होतात. पिठाला आधीच तूप किंवा लोणी चोळलं की कणाकणावर स्निग्ध थर बसतो, पाणी आत कमी शिरतं आणि धागे लांब व्हायच्या आतच अडतात. धागे आखूड, म्हणून चावल्यावर पदार्थ ताणत नाही, तुटतो. मोहन कडकडीत गरम घालायचं की थंड चोळायचं यावर पोत किती बदलतो, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, पण तत्त्व हेच.

इथे कुठली आली रेघ? कोणी कमी पडलेलं नाही, उलट पदार्थ जमलाय!

आडवाट:

पोळपाट, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण ग्लुटेनचा शोध तर अठराव्या शतकातला ना? बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञाने तेव्हा ते पिठापासून वेगळं काढलं. 'शॉर्ट'चा खुसखुशीत हा अर्थ त्याहून जुना असेल तर धाग्यांचं स्पष्टीकरण मागाहून जोडलेलं नाही का?

मुळाक्षर:

'सहज भुगा होणारं' हा अर्थ इंग्रजीत पंधराव्या शतकापासून मिळतो. पण ग्लुटेन ठाऊक नसलं तरी कणीक ताणून पाहणाऱ्याला तिचा लांब तंतू दिसतोच, आणि चरबी घातलेली लगेच तुटते हेही दिसतं. त्यामुळे दोन्ही म्हणणी एकत्र नांदू शकतात.

ऐरण:

धातुकामातही हा शब्द आहे आणि अर्थ पोळपाट यांच्यासारखाच. 'रेड शॉर्ट' लोखंड म्हणजे लालभडक तापवून घण मारला की चिरा पडणारं. यामागे गंधक असतं. लोखंड आणि गंधकाचं संयुग कणांच्या सांध्यांत साठतं आणि त्या तापमानाला मऊ पडून कण एकमेकांपासून सुटतात. त्यात मँगेनीज घातलं की ते गंधकाला स्वतःकडे ओढतं आणि लोखंड घडवता येतं. 'कोल्ड शॉर्ट' म्हणजे गरम असताना ठीक, थंड झाल्यावर ठिसूळ, आणि तो दोष फॉस्फरसचा. कुठल्या खाणीचं लोखंड कुठल्या कामाला घ्यायचं हे जुने लोहार या दोन दोषांवरून ठरवत.

मुळाक्षर:

ऐरण, तुमच्या उदाहरणात एक गंमत दडली आहे. हा 'शॉर्ट' मुळात इंग्रजी नाहीच. स्वीडिशमध्ये 'स्कॉर' म्हणजे ठिसूळ, त्यावरून 'लाल असताना ठिसूळ' असा शब्द होता. तो लोखंडाच्या धंद्याबरोबर इंग्रजीत आला आणि कानाला ओळखीच्या 'शॉर्ट'मध्ये विरघळून गेला. स्वयंपाकातला अर्थ आधीच ठिसूळपणाचा असल्यामुळे कोणाला तो उपराही वाटला नाही.

आता 'शॉर्ट'च्या मुळाकडे येतो. त्याच्या मागे 'कापणे' अर्थाचा इंडो-युरोपीय धातू आहे. शॉर्ट म्हणजे कापलेलं. त्याच कुळातून इंग्रजीत आखूड वस्त्राचा शब्द झाला तो 'शर्ट', आणि त्याचंच नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतलं) भावंड उत्तरेकडून आलं ते 'स्कर्ट'. मुळात एकच कपडा, इंग्रजीत एक कमरेच्या वर राहिला आणि एक खाली गेला. लोकर कातरण्याचा 'शिअर' आणि वाट्याचा 'शेअर' हेही याच कुळातले. वजनकाटा शेअर शॉर्ट करतात तेव्हा दोन नातेवाईकच एकमेकांना भेटतात.

संस्कृतात हाच धातू 'कृन्तति' म्हणजे 'कापतो' या रूपात आहे. त्यावरून कर्तन, कर्तरी, आणि आपली कातर, कात्री, कातरणं. 'शॉर्ट' आणि 'कात्री' हे फार लांबचे पण खरे आप्त आहेत.

मितभाषी:

वाचतोय. 'शॉर्ट श्रिफ्ट' कुठून आलं?

मुळाक्षर:

'श्रिफ्ट' म्हणजे धर्मगुरूंपुढे दिलेली पापाची कबुली. देहदंड द्यायच्या कैद्याला त्यासाठी अगदी थोडा वेळ मिळायचा, तो शॉर्ट श्रिफ्ट. आज अर्थ आहे, एखाद्याचं म्हणणं धड ऐकून न घेता त्याला वाटेला लावणं.

खडूफळा:

मुळाक्षर यांचा प्रतिसाद वाचून माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. इंग्रजीने कापण्यावरून शब्द केला, मग मराठीने काय केलं? ही यादी पाहा. शॉर्टफॉल म्हणजे तूट. शॉर्टेज म्हणजे तुटवडा. शॉर्टकमिंग म्हणजे त्रुटी. कोणाशी 'शॉर्ट' बोलणं म्हणजे तुटक बोलणं. फारच शॉर्ट लिहिलेलं म्हणजे त्रोटक. सगळे 'तुटणे'चे शब्द! आणि पोळपाट यांची खुसखुशीत वस्तू, ऐरण यांचं लोखंड, तीही तुटतातच.

इतकी वर्षं मी फळ्यावर 'शॉर्ट = आखूड' लिहित आले. यापुढे त्याच्या शेजारी 'तुट-' लिहिणार आहे.

आडवाट:

खडूफळा, हे माझ्या रेघेपेक्षा कितीतरी चांगलं आहे! तूट म्हटल्यावर रेघही तिच्यात येते आणि ठिसूळपणाही.

तारायंत्र:

शॉर्ट सर्किट अजूनही बाहेरच आहे हं. तिथे काही तुटत नाही, जुळतं. म्हणून मराठीत शॉर्ट 'होतं', आणि त्याला वेगळा मराठी शब्द बोलण्यात रुळला नाही.

गोलटप्पा:

क्रिकेटवर दोन ओळी, कारण इथे 'शॉर्ट' कुठून मोजायचं हेच बदलतं. शॉर्ट लेग, शॉर्ट थर्ड मॅन यांत 'शॉर्ट' म्हणजे फलंदाजाच्या जवळ, मोजायचं फलंदाजापासून. त्याहून जवळ आलं की 'सिली', आणि दूर सीमेपाशी 'लाँग'. शॉर्ट बॉल मात्र फलंदाजापासून लांब पडतो! तो गोलंदाजाच्या हातापासून मोजायचा. चेंडू अलीकडेच टप्पा खातो म्हणून फलंदाजाकडे येईपर्यंत छातीपर्यंत उसळतो. मराठी समालोचनातला 'आखूड टप्प्याचा चेंडू' हा शब्द मला फार आवडतो, कारण तो टप्प्याची लांबी मोजतोय हे स्पष्ट सांगतो. इंग्रजी 'शॉर्ट बॉल'मध्ये ते गृहीत धरावं लागतं.

पडवी:

मी भाषांतरं करते, माझा अडलेला प्रश्न विचारते. 'नथिंग शॉर्ट ऑफ अ मिरॅकल' याचं 'चमत्कारापेक्षा कमी नाही' असं भाषांतर सगळीकडे वाचते आणि ते मला खुपतं. तुम्ही काय कराल?

खडूफळा:

'चमत्कारच म्हणायचा'. एक 'च' पुरतो. 'चमत्कारापेक्षा कमी नाही' ऐकताना आधी चमत्काराचं माप घ्यावं लागतं आणि मराठी माणूस असं बोलत नाही.

याच जातीचं दुसरं वाक्य म्हणजे 'शॉर्ट ऑफ बेगिंग, ही डिड एव्हरीथिंग'. 'भीक मागण्याखेरीज त्याने सगळं केलं' हे व्याकरणाने बरोबर आहे, पण मी लिहीन 'फक्त पदर पसरायचा बाकी ठेवला'. 'बाकी ठेवणे'मध्ये ते अलीकडे थांबणं आपोआप येतं. आणि 'ही स्टॉप्ड शॉर्ट ऑफ सेइंग इट' असेल तर 'बोलता बोलता राहिला' किंवा 'शब्द ओठांवर आला होता, पण बोलला नाही', संदर्भ पाहून.

पडवी:

'बोलता बोलता राहिला' अगदी हवं तेच! आणि 'शॉर्ट साइटेड'? डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लेखात 'ऱ्हस्वदृष्टी' लिहिते, पण धोरणावरच्या लेखात तो शब्द चालत नाही.

खडूफळा:

धोरणाला 'अदूरदर्शी' किंवा सरळ 'पुढचा विचार नसलेलं'. उलट बाजूलाही जपा. 'लाँग साइटेड' हा डोळ्यांचा दोष असेल तर 'दूरदृष्टी' लिहू नका, वाचक ते कौतुक समजेल. 'दूरदृष्टिदोष' असं पूर्ण लिहा, किंवा 'जवळचं नीट दिसत नाही' म्हणा.